आपल्याच माणसांसमोर

दर वर्षी सप्टेंबर उजाडला की आमच्या घरात एक विषय टाळला जातो. यंदा मात्र टाळता आला नाही. आमची भाची आठवीत आहे. शाळेत 17 सप्टेंबरच्या निमित्ताने वक्तृत्व स्पर्धा होती, विषय होता मराठवाडा मुक्तिसंग्रामातले एखादे अपरिचित नाव. पोरीने उत्साहाने नाव नोंदवले. तेव्हा तिच्याच बाकावरची मैत्रीण म्हणाली, "तू काय बोलणार गं? तुमचे लोक तर रझाकार होते ना?"

त्या मैत्रिणीच्या मनात विष नव्हते, हे आधीच सांगतो. दोघी एकाच डब्यातून जेवतात. कुठेतरी ऐकलेले तिने बोलून टाकले, इतकेच. पण भाची संध्याकाळी रोशन गेटजवळच्या आमच्या घरी आली ती दप्तर न काढताच ओट्यावर बसून राहिली. मग विचारले, "मामू, तेव्हा आपलं कुणीच नव्हतं का?"

वाचकहो, हा प्रश्न तुमच्याही घरात कधी ना कधी आला असेल. आपण काय करतो? एक तर "राहू दे, दुसरा विषय घे" म्हणतो. नाहीतर आवाज चढवून पोलीस अ‍ॅक्शननंतर आपल्यावर काय गुजरले ते सांगू लागतो. आम्ही स्वतः वर्षानुवर्षे या दोन्ही गोष्टी केल्या आहेत. त्या दिवशी मात्र आम्ही तिला एक नाव सांगितले. शोएबुल्लाह खान.

नाव ऐकून ती वहीत लिहायला लागली, आणि आमच्या लक्षात आले की हे नाव आम्हालाही शाळेत कुणी सांगितले नव्हते. तिशी ओलांडल्यावर एका वृद्ध उर्दू मास्तरांच्या बैठकीत ते पहिल्यांदा कानावर पडले.

हैदराबाद संस्थानात तेव्हा मराठवाड्याचे पाच जिल्हे होते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. गादीवर मीर उस्मान अली खान होते आणि बहुसंख्य प्रजा हिंदू. लोकांनी निवडलेले जबाबदार सरकार नव्हते, आणि तशी मागणी करणारी स्टेट काँग्रेस 1938 मध्ये जन्मताच बंदीत सापडली. त्याच वर्षी आमच्या शहरातल्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून मुलांचा संघर्ष सुरू झाला आणि तो उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचला. काढून टाकलेल्या कित्येक मुलांना नागपूर विद्यापीठाने जागा दिली. हा भाग क्रमिक पुस्तकांत असतो, म्हणून इथे लांबवत नाही.

पुस्तकात नसते ते हे, की सामान्य मुसलमानाला त्या राज्यात काय सांगितले जात होते. इत्तेहादुल मुस्लिमीनने 'अनल मलिक' असा एक विचार रुजवला होता. म्हणजे संस्थानातला प्रत्येक मुसलमान हा राज्याचा धनी, निजाम फक्त त्याचे प्रतीक. विचार करा, दिवसभर घोड्याच्या मागे बसून चार आणे कमावणाऱ्या टांगेवाल्याला, मागावर पाठ मोडणाऱ्या विणकराला कुणी येऊन सांगतो की तू राजा आहेस. घरात पीठ नाही, पण तू राजा आहेस. ही नशा साधी नव्हती. भूक भागत नव्हती, मान मात्र ताठ होत होती. पुढे 1946 मध्ये कासिम रझवी संघटनेचा अध्यक्ष झाला. मूळचा उत्तरेकडचा, अलीगढला शिकलेला आणि वकिली आपल्या लातुरात करणारा. त्याने रझाकारांची फौज उभी केली. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर असफजाही झेंडा लावण्याची भाषणे होऊ लागली आणि खेड्यापाड्यांत लूट, जाळपोळ, खून. हे सगळे कुणाच्या नावाने? आपल्या. इस्लामचे नाव घेऊन.

अशा वेळी एका तरुण मुसलमानाने उर्दूत लिहायचे ठरवले की हे चूक आहे.

शोएबुल्लाह खान यांचा जन्म 1920 चा, तेलंगणातला. वडील रेल्वे पोलिसात. उस्मानियाचा पदवीधर मुलगा, मनात आणले असते तर निजामाच्या नोकरीत सहज लागला असता. तो पत्रकार झाला. मंदुमुला नरसिंग राव यांच्या 'रय्यत' या उर्दू वर्तमानपत्रात काम करू लागला. सरकारने 'रय्यत' बंद पाडले. तेव्हा त्याने घरातल्या बायकांचे दागिने मोडून आणि बुर्गुला रामकृष्ण राव यांच्या पाठबळावर स्वतःचे दैनिक काढले. 15 नोव्हेंबर 1947 ला पहिला अंक निघाला. नाव 'इमरोज'. इमरोज म्हणजे आज.

दागिन्यांपाशी आम्ही थांबलो. आपल्या घरांत दागिना म्हणजे काय असतो हे तुम्हा भगिनींना सांगायला नको. आजारपण, बाळंतपण, मुलीचे लग्न, या सगळ्याचा तो आधार. आई आणि बायकोने तो काढून दिला, तोही अशा वर्तमानपत्रासाठी जे गल्लीतले शेजारीसुद्धा उघडपणे घेणार नव्हते. शोएबुल्लाह खान यांच्या हिमतीचे गुणगान होते. त्या दोघींची हिंमत कुणाच्या लक्षात येत नाही.

'इमरोज'ने लिहिले की रझाकारांना आवरा, प्रजेला जबाबदार सरकार द्या, भारतात सामील व्हा. हैदराबादी अदबीच्या उर्दूत, मुसलमान वाचकाला समोर बसवून. हीच गोष्ट मराठी किंवा तेलुगू पत्राने लिहिली असती तर रझवीला 'हे तर दुश्मनच' म्हणून उडवून लावता आली असती. शोएबुल्लाह खान यांना तसे कसे म्हणणार? तो नमाजी घरातला, त्याच्याच भाषेत बोलणारा. म्हणून त्याला गद्दार ठरवले गेले.

ऑगस्ट 1948 मध्ये 'इमरोज'ने आणखी एक धाडस केले. सात प्रतिष्ठित मुसलमानांनी एक निवेदन काढले होते. रझाकार संघटना मोडा आणि हिंदुस्थानाशी विलीनीकरण करा, असा त्याचा आशय होता. बाकर अली मिर्झा हे त्यांपैकी एक. दुसरे एक होते फरीद मिर्झा, आणि हे नाव मराठवाड्याने तरी विसरू नये. ते आपल्या नांदेड भागात महसूल खात्याच्या नोकरीत होते. रझाकार गावांत काय करतात ते डोळ्यांनी पाहिले आणि राजीनामा दिला. सरकारी नोकरी, तीही 1948 साली, तीही स्वतःच्या जमातीच्या राज्यात! आज आपला मुलगा शिपायाच्या जागेसाठी चार वर्षे परीक्षा देतो, त्यावरून अंदाज करा.

निवेदन छापून आले आणि काही दिवसांतच रझवीने जाहीर सभेत धमकी दिली. जे हात आमच्याविरुद्ध उठतील ते तोडले जातील, असा तिचा आशय. 21 ऑगस्टच्या रात्री शोएबुल्लाह खान काचीगुड्याच्या कचेरीतून मेहुणे इस्माईल खान यांच्यासोबत घरी निघाले. वाटेत मागून गोळ्या झाडल्या. मग तलवारीने हात तोडला. वाचवायला धावलेल्या इस्माईल खान यांच्या हातावरही वार झाले. 22 तारखेला शोएबुल्लाह खान यांचा इंतकाल झाला. वय 27. त्यानंतर महिनाही झाला नाही तोच, 13 सप्टेंबरला भारतीय फौज संस्थानात शिरली आणि 17 ला निजामाने शरणागती पत्करली.

एवढे ऐकून भाचीने विचारले, "म्हणजे त्यांना आपल्याच लोकांनी मारलं?"

"हो."

"आणि ते लढले ते पण आपल्याच लोकांशी?"

"हो बेटा."

ती थोडा वेळ पेन्सिल चावत बसली. "मग मामू, हे आपले की ते आपले?"

आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. लहानपणी मौलवीसाहेबांनी सूरह निसामधली 135 वी आयत समजावून दिली होती, ती आठवली. इन्साफावर ठाम राहा, साक्ष द्यावी लागली तर ती स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध, नातलगांविरुद्ध असली तरी द्या, असा तिचा मतलब. परक्याच्या जुलमाविरुद्ध बोलताना माणसाच्या मागे मोहल्ला उभा असतो. आपल्याच्या जुलमाविरुद्ध बोलणाऱ्याच्या मागे कधी कधी घरसुद्धा उभे राहत नाही.

आपल्या तारीखमध्ये अशी माणसे काही कमी नाहीत. मराठवाड्यातली बहुतेक घरे ज्यांच्या फिकहवर चालतात ते इमाम अबू हनीफा घ्या. ते कुफ्यात रेशमी कापडाचा व्यापार करत. (आमच्या हिमरूवाल्या शहराला ही गोष्ट विशेष प्यारी वाटावी.) पोट स्वतःच्या दुकानावर, म्हणून खलिफा मन्सूरने काझीचे पद देऊ केले तेव्हा ते नाही म्हणू शकले. पद घेतले की खलिफाच्या मर्जीचे फैसले द्यावे लागतील, हे त्यांना ठाऊक होते. फटके बसले, कैद झाली. हिजरी 150 मध्ये बगदादच्या कैदेतच त्यांचा इंतकाल झाला, असे बहुतेक चरित्रकार लिहितात. इमाम अहमद बिन हंबल यांनाही फटके मारले ते कुणा परधर्मीय राजाने नव्हे, बगदादच्या खलिफाच्या हुकमाने. आणि फार मागे कशाला जायचे? 2 ऑक्टोबर 2018 ला सौदी पत्रकार जमाल खशोगी निकाहाच्या कागदपत्रांसाठी इस्तंबूलच्या सौदी दूतावासाच्या कचेरीत गेले. होणारी पत्नी दाराबाहेर वाट पाहत होती. ते बाहेर आलेच नाहीत. ज्या देशाकडे तोंड करून आपण दिवसातून पाच वेळा नमाज पढतो त्याच देशाच्या सरकारच्या माणसांनी त्यांना मारले. आपल्या किती मजलिशीत यावर चर्चा झाली? आम्हीही तेव्हा या सदरात लिहिले नव्हते. लिहायला हवे होते.

आता ज्या गोष्टीमुळे हा विषय घरात टाळला जातो, तिच्याकडे येतो.

आमची अम्मी पंच्याऐंशीच्या पुढे आहे. तिचे माहेर उस्मानाबाद जिल्ह्यातले एक खेडे. 1948 मध्ये ती आठ-नऊ वर्षांची होती. त्या सालाबद्दल तिने आम्हा भावंडांना आयुष्यात दोनच वाक्ये सांगितली होती. एक, की कोष्ट्याच्या घरातल्या माळ्यावर आठ दिवस लपलो होतो. दुसरे, की दादा परत आला नाही. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. आम्ही इतकेच समजत होतो की तो पोलीस अ‍ॅक्शनमध्ये शहीद झाला.

त्या संध्याकाळी भाची शोएबुल्लाह खान यांच्यावरचे भाषण मोठ्याने वाचत होती, आणि अम्मी पलंगावर तसबीह घेऊन बसली होती. रझाकारांचा भाग आला तसे तिचे बोट थांबले. म्हणाली, "दादा बी पैनता था वो खाकी कपडे."

घरात कुणी काही बोलले नाही. मग तिने सांगितले ते असे. गावातल्या सगळ्या पोरांनी घातले तसे त्यानेही घातले. एकोणीस वर्षांचा होता. पाच-सहा महिने तालीम केली, रात्री गस्त घातली. शेजारच्या गावात काही तरी झाले तेव्हा तो तिथे होता की नव्हता, हे तिला माहीत नाही. विचारायची तिची उमर नव्हती. नानांना, म्हणजे तिच्या अब्बांना, हे पसंत नव्हते. पण ते बोलले नाहीत. "अब्बा चुप रहे," ती दोनदा म्हणाली. मशिदीत बोलले नाहीत, घरात बोलले नाहीत, पोराला अडवले नाही. फौज आल्यावर दादा हैदराबादकडे निघाला. वाटेत मारला गेला असे लोकांनी सांगितले. मय्यत मिळाली नाही.

वाचकहो, हे आम्ही अम्मीच्या परवानगीने लिहीत आहोत. लिहावे की नाही यावर घरात दोन दिवस वाद झाला. आमच्या धाकट्या भावाचे म्हणणे होते की आधीच बोटे दाखवणारे काय कमी आहेत, त्यांच्या हातात आपणच काठी का द्यायची? त्याची भीती खोटी नाही. पण आमच्या घरात ना शोएबुल्लाह खान होते, ना कासिम रझवी. एक खाकी कपड्यातला पोरगा होता आणि एक गप्प बसलेला बाप. मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत बहुधा असेच असेल.

आणि नंतर जे झाले तेही तितकेच खरे. पोलीस अ‍ॅक्शननंतर झालेल्या हिंसेची चौकशी करायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्यासह एक समिती पाठवली. काझीसाहेब स्वतः हैदराबादच्या उर्दू पत्रकारितेतले मोठे नाव, 'पयाम'चे संपादक राहिलेले. समिती नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये नऊ जिल्हे फिरली, पाचशेहून अधिक लोकांशी बोलली. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडला बसल्याचे तिने नोंदवले. साऱ्या संस्थानात मेलेल्यांचा तिचा अंदाज 27 हजार ते 40 हजार. हा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आलाच नाही. ज्या नव्या सरकारवर त्यांचा भरवसा होता, ज्याचे येणे त्यांना हवे होते, त्याच सरकारच्या टेबलावर ही नकोशी गोष्ट मांडणे, हीसुद्धा आपल्याच माणसांसमोर बोलण्याची हिंमत होती. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. अनेक ठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, आणि एकाच धंद्यातल्या माणसांमध्ये हा जिव्हाळा जास्त दिसला. विणकरांनी विणकरांना सांभाळले. अम्मीच्या कोष्ट्याचा माळा आम्हाला तिथे एकदम दिसला.

फरीद मिर्झा यांनीही पुढे आपल्या आठवणींचे छोटे पुस्तक लिहिले. त्यात पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचेही आहे आणि नंतरचेही. ज्याने रझाकारांमुळे नोकरी सोडली, त्यालाच रझाकारांनंतरच्या जुलमाबद्दल बोलायचा हक्क पोहोचतो, असे आम्हाला वाटते. निदान त्याचे ऐकावे लागते.

आमच्या शहराने असाच एक माणूस पाहिला आहे. दैनिक 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव. निजामाविरुद्धच्या लढ्यात ते होते आणि तुरुंगात गेले. तिथे थांबले असते तर आयुष्यभर स्वातंत्र्यसैनिक म्हणून हार मिळत राहिले असते. पण 1975 ला आणीबाणी आली, आणि ज्या देशासाठी लढले त्याच देशाच्या सरकारने त्यांना पुन्हा तुरुंगात टाकले. कारण तोंड बंद ठेवणे त्यांना जमले नाही. निजाम वाईट आणि आपले सरकार मात्र कसेही चालेल, असा हिशोब त्यांनी केला नाही.

कासिम रझवीचे काय झाले, हे भाचीने विचारलेच. शिक्षा झाली, 1957 मध्ये सुटला आणि पाकिस्तानला निघून गेला. ज्यांना तो राजे म्हणत होता ते टांगेवाले आणि विणकर इथेच राहिले. त्यांच्या पोराबाळांना आज बाकावर बसून उत्तरे द्यावी लागतात.

स्पर्धेला बोलायला तीन मिनिटे होती. पोलीस अ‍ॅक्शननंतरचे सांगायचे की नाही, यावर पोरगी अडली. आम्ही म्हणालो, तुझे तू ठरव. तिने शोएबुल्लाह खान यांच्यावर अडीच मिनिटे घेतली आणि उरलेल्या अर्ध्या मिनिटात कोष्ट्याचा माळा सांगितला. दादाच्या खाकी कपड्यांचे वाक्य तिने लिहिले होते, पण आयत्या वेळी तोंडातून निघाले नाही, असे घरी येऊन म्हणाली. आम्ही तिला काही बोललो नाही. आम्हाला ते वाक्य लिहायला पंचावन्न वर्षे लागली.

नंबर काही आला नाही. बाकावरच्या मैत्रिणीने विचारले, "इमरोज म्हणजे काय गं?" आणि दोघींनी डबा खाल्ला. 17 तारखेला सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी झेंडावंदन झाले. यंदा आम्हीही सकाळी तिला घेऊन गेटपर्यंत गेलो. गर्दी आणि पोलीस बंदोबस्त इतका होता की आत जाता आले नाही, तेव्हा बाहेरच उभे राहून राष्ट्रगीत म्हटले. घरी आल्यावर अम्मीने फक्त एक विचारले, त्या शोएबुल्लाहची आई तेव्हा हयात होती का. होती, असे आम्ही सांगितले. मग तिने त्या बाईसाठीही दुआ केली.

एक विनंती आहे. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढची कुणी नानी, दादी, नाना, दादा असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि 1948 बद्दल विचारा. मोबाईलवर आवाज भरून ठेवा. ज्याने जुलूम केला त्याचेही विचारा, ज्याने सहन केला त्याचेही, आणि ज्या शेजाऱ्याने दार उघडले त्याचे नाव तर जरूर विचारा. कुणाकडे 'इमरोज'चा एखादा जुना अंक कपाटाच्या तळाशी, कागदाखाली अंथरलेला का होईना, सापडला तर आम्हाला कळवा. आम्ही स्वतः पाहायला येऊ. अम्मीला त्या कोष्ट्याचे नाव आठवत नाही. आम्ही पुढच्या महिन्यात तिच्या गावी जाऊन विचारणार आहोत.